जादा किल्लीची अट

मिनिॲपोलिस,
नोव्हेंबरचा दुसरा गुरुवार

तीर्थस्वरूप वर्नेल आत्या यांस,

पित्ताशय काढल्यापासून खाली वाकलं की उजव्या कुशीत अजून चमक येते, तेव्हा जेवढं वाकता येतं तेवढं वाकून नमस्कार. तुमच्या गुडघ्यांची चौकशी सुरुवातीलाच करतो, कारण मागच्या पत्रात ती शेवटी केली म्हणून तुम्ही फोनवर बराच वेळ नुसत्या श्वास घेत बसला होतात. डावा कसा आहे, उजवा कसा आहे, आणि चर्चच्या दारात उभं राहायचं काम अजून दुसऱ्या कोणाला दिलेलं नाही ना? (दिलं असेल असं वाटत नाही. पांढरे हातमोजे घालून तुम्ही दारात उभ्या असलात की उशिरा आलेला माणूस स्वतःहूनच घरी परत जातो, हे मी लहानपणापासून पाहत आलोय.) पाद्रीबुवांची साखर, ॲलोन्झोचा अंत्यविधीचा व्यवसाय आणि परसातली कॉलर्डची भाजी हे सगळं आपल्या गावी, मेरिडियनला, यथास्थित असेलच. इकडे मी ठीक आहे. ‘ठीक’ या शब्दाचा खुलासा पुढे येईल. या कागदावर चष्मा लावलेलं अस्वल छापलेलं आहे, त्याचाही खुलासा पुढेच येईल, तूर्त त्याच्याकडे लक्ष देऊ नये.

गेल्या नोव्हेंबरात तुम्ही दोन बस बदलून, सव्वीस तास मांडीवर सुपाचं भांडं धरून इथल्या इस्पितळात आलात, तेव्हाची गोष्ट तुमच्या लक्षात आहेच, तरी कामकाजाच्या सोयीसाठी पुन्हा मांडतो. माझ्या खाटेशेजारी ऑफिसकडून आलेली फळांची टोपली होती आणि तिच्यावरच्या चिठ्ठीत ‘प्रिय थिओडोर, लवकर बरे व्हा’ असं छापलेलं होतं. तुम्ही चष्मा लावून ती चिठ्ठी वाचलीत, मग चष्मा काढून वाचलीत. “एकोणीस वर्षं तू या लोकांचे डब्यातले मटार विकलेस, थिओडिस, आणि यांना तुझं नाव येत नाही. तुझी माणसं कुठेयत?” मी म्हणालो, आत्या, माझ्या पुष्कळ ओळखी आहेत. “ओळखी ठेव तुझ्याजवळ. तुझ्या घराची जादा किल्ली कुठे असते हे कोणाला ठाऊक आहे?” मी म्हणालो, मला. सलाईन बदलणारी नर्ससुद्धा माझ्याकडे बघायला लागली. मग तुम्ही अट घातलीत: पुढच्या थँक्सगिव्हिंगच्या आत, जादा किल्ली कुठे असते हे ठाऊक असलेली दहा माणसं दाखव, नाहीतर गाशा गुंडाळ आणि मेरिडियनला ये, ॲलोन्झोकडे टेबल रिकामं आहे, शवपेट्यांच्या जाहिराती लिही. आणि जाताना ती जादा किल्ली चर्चच्या किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवून घेऊन गेलात. (“तोवर ही माझ्याकडे.”) तर हे पत्र म्हणजे त्या अटीचा वार्षिक अहवाल समजावा.

खरं सांगायचं तर मला अट अवघड वाटली नव्हती. माणसं गोळा करणं हाच माझा धंदा. ज्याने निम्म्या देशाला स्वखुशीने डब्यातले मटार खायला लावले, त्याला दहा माणसं म्हणजे काय? शिवाय कोणती माणसं हेही मनात पक्कं होतं. या शहरात मोठमोठ्या कंपन्या आहेत, प्रत्येक कंपनीत मार्केटिंगचं खातं आहे, आणि प्रत्येक खात्यात (मोठं असेल तर) आपला एक काळा माणूस आहे. एकच. जणू सरकारी नियम असावा. आमच्याकडे एकशे चाळीस माणसांत मी. असे सगळे एकेकटे एका ठिकाणी आणायचे, एवढंच काम. यापैकी दोघांना मी ओळखतही होतो, म्हणजे चार वर्षं मान हलवत होतो. आपल्यातला अनोळखी माणूस दिसला की मान जराशी हलवायची, ही रीत तुम्हीच मला बसस्टॉपवर शिकवलीत. आमच्या धंद्याचं एक वार्षिक संमेलन भरतं, सहाशे माणसं येतात, त्यात आम्ही तिघं तीन कोपऱ्यांत बसून एकमेकांना माना हलवायचो आणि घरी जायचो. एका टेबलाशी बसायचो नाही, कारण आपल्यातले तिघं एकत्र बसले की चौथा कोणीतरी गोरा हसत हसत येतो आणि विचारतो, “काय, कसलं कारस्थान चाललंय?” आणि आपण काहीही उत्तर दिलं तरी ते तो दिवसभर मनात घोळवतो.

गेल्या डिसेंबरातल्या संमेलनात मी धीर करून कॉफीच्या रांगेत त्यातल्या बाईंच्या मागे उभा राहिलो आणि म्हणालो, “माझं पित्ताशय काढलं.” (दुसरं काही सुचेना.) त्यांनी मागे वळून मला नीट पाहून घेतलं. “अहो, चार वर्षांनी तोंड उघडलंत आणि ही बातमी?” या जोनेटा क्रम्प. ओटच्या लापशीच्या कंपनीत आहेत, त्या कंपनीचं चिन्ह चष्मेवालं अस्वल. तिसरे ऑगस्टस व्हिटली, बर्फात चालणाऱ्या टायरांच्या जाहिराती करतात, वय साठ, बोलणं मोजकं, टायशिवाय त्यांना त्यांच्या बायकोनेही पाहिलेलं नसावं. आम्ही तिघं त्या दिवशी एका टेबलाशी बसलो. चौथा आला आणि त्याने तो प्रश्न विचारला. ऑगस्टस म्हणाले, “पित्ताशयाबद्दल बोलतोय,” आणि तो निघून गेला.

आता आत्या, तीन सुतार एकत्र आले तर बाक तयार होईल. तीन मार्केटिंगवाले एकत्र आले तर काय होतं ते सांगतो. डिसेंबरचा उरलेला भाग आणि अख्खा जानेवारी आम्ही मंडळाला नाव ठेवण्यात घालवला. नाव ठेवण्याआधी आपले लोक कोण, त्यांना काय हवंय, ते सकाळी उठून आधी काय करतात, याचा अभ्यास. त्या अभ्यासावर ऑगस्टसनी चौऱ्याहत्तर पानांचं सादरीकरण केलं (टाय लावून, माझ्या स्वयंपाकघरात). बोधचिन्हं अकरा झाली, त्यातल्या चारांत झाड होतं. झाडाला मुळं दाखवायची की नाही यावर जोनेटा आणि मी पाच दिवस बोलत नव्हतो. तुम्ही चर्चमध्ये पाठीमागे हात धरून एक बोट उचललंत की तीनशे माणसं मुकाट्याने सरकून जागा करतात, आणि त्या बोटाचं बोधचिन्ह कधी कोणी केलेलं नाही, हे तेव्हा माझ्या ध्यानात यायला हवं होतं. फोनवर गट मात्र आम्ही उघडला, आणि आश्चर्य म्हणजे त्यात दोनशे बारा माणसं आली. या गोठलेल्या शहरात आपल्या धंद्यातली दोनशे बारा काळी माणसं! सगळ्यांनी लाल बदाम पाठवले. कोणी कोणाला भेटलेलं नव्हतं.

मग पहिली सभा ठरली. आणि इथे जी चूक झाली ती आत्या, जगाच्या पाठीवर दुसऱ्या कुठल्याही धंद्यातल्या माणसांच्या हातून होणार नाही. आम्ही सभा फेब्रुवारीत ठेवली. आपल्या काळ्या लोकांच्या इतिहासाचा महिना, म्हटलं, याहून चांगला मुहूर्त कुठला? ग्रंथालयाचा हॉल घेतला, साठ माणसांसाठी कॅटफिश तळून आणला, आपल्याकडच्यासारखी त्याच्या जोडीला स्पगेटी, आणि मी तुमच्या कृतीने दोन पाउंड केक केले. सहाची वेळ. पावणेसातला हॉलमध्ये आम्ही तिघं आणि पुस्तकं परत ठेवायला आलेली ग्रंथपालबाई. मग फोनवर निरोप यायला लागले. ‘माफ करा, ऑफिसात परिसंवाद आहे, मीच एकटी वक्ता.’ ‘माफ करा, साहेबांनी मला व्यासपीठावर बसवलंय.’ ‘माफ करा, आमच्याकडे आज भाषण आहे, विषय: आपण सारे एक.’ दोनशे नऊ माणसं, प्रत्येक जण आपापल्या ऑफिसात, आपापल्या व्यासपीठावर, एकेकटा. वर्षातला जो एक महिना आपल्यातल्या कुठल्याही मार्केटिंगवाल्याला पाणी प्यायला फुरसत नसते, नेमका तोच महिना चौऱ्याहत्तर पानांचा अभ्यास करून आम्ही निवडला होता. स्वतः जोनेटाही असल्याच एका कार्यक्रमातून धावत आल्या होत्या, गळ्यात कंपनीने घातलेलं आफ्रिकी केंटे कापडाचं रंगीत उपरणं तसंच होतं. ऑगस्टसनी कॅटफिशवर पुन्हा झाकण ठेवलं. “गिऱ्हाईक कधी मोकळं असतं,” ते म्हणाले, “हे टायरवालाही आधी विचारतो.” ते सादरीकरण सोडता त्यांचं यंदाचं सर्वांत मोठं भाषण ते.

एवढ्यावर भागतं तर बरं होतं. सगळं गाडीत भरताना जोनेटा स्पगेटीच्या थाळ्यासकट पायरीवरच्या बर्फावरून घसरल्या आणि घोट्याचं हाड मोडलं. ऑगस्टस त्यांना इस्पितळात घेऊन गेले. जोनेटांचं विम्याचं कार्ड त्यांच्या घरी होतं, ते आणायला मला पाठवलं. “किल्ली तिसऱ्या कुंडीखाली आहे,” त्या दात आवळून म्हणाल्या. कुंडीखाली होती खरी, पण कुंडी जमिनीला गोठून बसली होती आणि किल्ली कुंडीला. आता चित्र पाहा: अतिशय शांत गल्ली, संध्याकाळचे साडेसात, आणि एक काळा माणूस परक्या दारापाशी ओणवा होऊन कुंडी उपटतोय. पलीकडच्या घरातला पडदा हलला, म्हणजे पोलिसांना फोन जायला फार वेळ नव्हता. मी काय करावं? मी गाडीतून पाउंड केक आणला, दोन्ही हातांनी छातीशी धरला, हात लांबूनही दिसतील असे, आणि दिव्याखाली जाऊन उभा राहिलो. केक घेतलेल्या माणसाला सहसा कोणी काही करत नाही असा माझा अंदाज होता. (भीती वाटली का म्हणून विचाराल. वाटली. फार वाटली. केक खाली ठेवायची हिंमत होईना म्हणून त्या थंडीत तो तसाच धरून होतो.) पंधरा मिनिटांनी शेजारीणबाई दार किलकिलं करून म्हणाल्या, “काही मदत हवीय का?” या वाक्याचे दोन अर्थ असतात हे तुम्हाला सांगायला नको. मी म्हणालो, हो, गरम पाणी. तितक्यात जोनेटांचा त्यांना इस्पितळातून फोन आला, आणि बाईंनी किटली आणली. किल्ली सुटली. बाईंनी केकचा तुकडा मागून घेतला आणि कृती विचारली. मी साखर मुद्दाम कमी सांगितली.

त्या रात्री मला काही सजवून लिहिण्याची ताकद नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी गटावर दोनच ओळी टाकल्या: ‘जोनेटाचा पाय मोडला. साठ माणसांचा कॅटफिश उरलाय. पत्ता अमुक.’ चिन्ह नाही, झाड नाही, मुळं नाहीत. त्या दिवशी चौदा माणसं आली. कोणी मासा खायला, कोणी पाय बघायला. त्या एवढ्याशा दिवाणखान्यात सगळे एकमेकांकडे बघून आधी सवयीने माना हलवायला लागले, आणि मग कोणीतरी हसलं, आणि मग कोणालाच थांबता येईना. पुढच्या रविवारी पुन्हा आले, कारण प्लास्टर आठ आठवडे होतं आणि बर्फ उपसायला माणूस हवा होता. एप्रिलपर्यंत दर रविवारी एकतीस जण ठरलेले. मे महिन्यात प्लास्टर कधीच निघालं होतं, तरी लोक विचारतच होते, “या रविवारी पायाला येणार ना?” मंडळाचं नाव अजून ठरलेलं नाही. सगळे त्याला पायच म्हणतात. अकरा बोधचिन्हांपैकी एकही उपयोगी पडत नाही.

तिथे काय चालतं म्हणाल, तर मुख्यतः खाणं. पण त्यात कळत गेलं की प्रत्येकाच्या ऑफिसात दर शुक्रवारी, निघायच्या वेळेला, एक जाहिरात हळूच टेबलावर येते: “जरा बघता का, यात तुमच्या लोकांना लागण्यासारखं काही नाही ना?” एकेकटा माणूस इतकी वर्षं सगळ्या जमातीच्या वतीने सही देत होता आणि घरी जाऊन झोपेत दचकत होता. मीही दचकायचो. आता ती जाहिरात रविवारी जोनेटाच्या टेबलावर येते आणि एकतीस जण बघतात, आणि सोमवारी माणूस ऑफिसात जाऊन ‘नाही’ म्हणतो. विमा कंपनीतली एक मुलगी नोकरी सोडून हा धंदाच टाकणार होती. तिला टायरवाल्यांकडे घेतलं, ऑगस्टसनी शब्द टाकला. ती म्हणाली की इथे येईपर्यंत तिला वाटायचं, चूक तिच्यातच आहे. मी भांडी घासायला उठलो, कारण तेच मला एकोणीस वर्षं वाटत होतं.

तेव्हा आत्या, एकूण हिशेब पाहता अट पुरी झाली असं धरायला हरकत नाही. दहा मागितली होतीत, एकतीस दाखवतोय. ॲलोन्झोला नमस्कार सांगावा आणि ते टेबल दुसऱ्या कोणाला द्यावं असं कळवावं. गुडघ्यांना शेक द्यावा. पत्राला उत्तर नाही पाठवलंत तरी मी नाराज होणार नाही (होईन).

तुमचा आज्ञाधारक भाचा,
थिओडिस

ता. क. — तुम्ही हे पत्र दुसऱ्यांदा वाचाल आणि म्हणाल की अट माणसांची नव्हती, किल्लीची होती. बरोबर. माझ्या घराची जादा किल्ली कुठे असते हे ठाऊक असलेल्या माणसांचा आकडा शून्य आहे. ती मेरिडियनला तुमच्या जुडग्यात आहे. दुसरी काढता आली असती. किल्लीवाला माझ्या कोपऱ्यावरच बसतो. पण किल्ली हातात देताना म्हणावं लागतं की बाबा, मला काही झालं तर ये. ते मला म्हणता येत नाही. ऑगस्टसना सांगायचं म्हणून तीनदा त्यांच्या दारापर्यंत गेलो आणि तीनदा टायरांबद्दल बोलून परत आलो.

आणखी ता. क. — ‘ठीक’चा खुलासा. आज सकाळी कचरा टाकायला चपला घालून खाली उतरलो आणि मागे दार लागलं. किल्ली आत, खिळ्यावर. फोनही आत. बाहेर बर्फ. इमारतीचा रखवालदार मुलीकडे फ्लोरिडाला गेलाय तो सोमवारी येणार. नऊ चौक चपलांवर चालत आलो. हे पत्र जोनेटाच्या स्वयंपाकघरात बसून लिहितोय, कागद तिच्या खणातला, अस्वल तिच्या कंपनीचं. ती ऑफिसात आहे, मी आलोय हे तिला अजून ठाऊकही नाही. किल्ली तिसऱ्या कुंडीखाली होती. यंदा तिने खाली जाड कागद घातलाय, गोठत नाही. शेजारीणबाईंनी खिडकीतून हात केला. माझ्या हातात केक नव्हता, तरी केला.

शेवटचं ता. क. — पाय सुकेपर्यंत चुलीपाशी बसून मोजलं. ऑगस्टसची किल्ली फावड्यामागच्या डब्यात असते. विमावाल्या मुलीची पायपुसण्याखाली (तिला बदलायला सांगितलंय). जोनेटाची धरून मला एकूण अकरा घरांच्या जादा किल्ल्या ठाऊक आहेत. त्यांनी सहज सांगितल्या, भाजी कुठे मिळते सांगावं तशा. म्हणजे अट उलटी घातली असतीत तर मी मार्चमध्येच जिंकलो असतो. ते असो. थँक्सगिव्हिंगचं जेवण इथेच आहे, एकतीस माणसं येणार, आणि दारात उभं राहायला कोणी नाही. हातमोजे आणा. आणि माझी किल्ली पोस्टाने पाठवू नका, स्वतः घेऊन या, मला तुम्ही इथे हव्या आहात. (मागणं मला जमत नाही असं वर कुठेतरी लिहिलंय. ते तेवढं तुम्हीच खोडा.)